पटावर मुली किती?

प्रश्न एवढाच होता : "सर, इंग्रजांच्या आधी गावोगाव शाळा होत्या म्हणालात. त्यांच्या पटावर मुली किती होत्या?"

विचारणारी मुलगी आर्वीकडची, एम.ए.च्या वर्गातली. ठिकाण एका विद्यापीठाचं सभागृह. फलकावर विषय लिहिला होता, 'शिक्षणाचं निर्वसाहतीकरण'. वक्त्यांचा अभ्यास दांडगा, आवाज खणखणीत. ते हसले आणि म्हणाले, "बेटा, तपशिलात अडकलं की व्यापक चौकट दिसत नाही." पुढच्या रांगेतले चारदोन जण त्यांच्याबरोबर हसले. आभारप्रदर्शन झालं, चहा आला. मुलगी चहाला थांबली नाही, तिची बस होती.

मी रोहण्याची. पुलगाव आणि आर्वी यांच्या मधलं हे कापसाचं गाव. एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवली आणि दर वर्षी जूनअखेर पट भरला. कोणती मुलगी यंदा आली नाही, कुणाचं लग्न उरकलं, कोण मामाच्या गावी धाकट्या भावंडांना सांभाळायला गेली, हे सगळं पटावरच्या आकड्यात असतं. त्यामुळे "पटावर किती" हा प्रश्न तपशील म्हणून उडवून लावलेला मला सहन होत नाही. वक्त्यांचं नाव घेत नाही, विद्यापीठाचंही नाही. हेच भाषण थोड्याफार फरकाने मी अनेक ठिकाणी ऐकलं आहे. भांडण माणसाशी नाही, भाषणाशी आहे.

भाषणाचा गाभा आधी प्रामाणिकपणे मांडते. इंग्रज आले तेव्हा इथे गावोगाव शाळा होत्या. त्यांनी त्या मोडल्या आणि मॅकॉलेने वरून इंग्रजी शिक्षण लादलं. त्या शिक्षणाबरोबर परक्या कल्पना आल्या. स्त्रीमुक्ती आणि अलीकडचा 'लिंगभाव' या त्यांतल्याच. आपल्या परंपरेत स्त्री-पुरुष परस्परपूरक होते, झगडा पश्चिमेचा. तेव्हा मन मोकळं करायचं तर हे उसनं सामान आधी खाली ठेवलं पाहिजे.

यातल्या वसाहतवादावरच्या आरोपाशी माझं भांडण नाही. वसाहतवाद होता का, त्याने लुटलं का, हे रोहण्याच्या माणसाला व्याख्यानातून कळावं लागत नाही. नागपूरचं राज्य १८५४ साली खालसा झालं. १८६२ साली वर्धा हा वेगळा जिल्हा झाला. अमेरिकेतल्या यादवीमुळे मँचेस्टरला कापूस मिळेनासा झाला तेव्हा आमच्या जिल्ह्यातल्या हिंगणघाटचं नाव विलायतेच्या कापूसबाजारात प्रतीचं नाव म्हणून बोललं जाऊ लागलं. १९१७ साली पुलगाव ते आर्वी अरुंद रुळांची गाडी धावू लागली. लोक तिला लाडाने शकुंतला म्हणत. तिच्या वाटेवर रोहण्याचं स्टेशन होतं. मार्गाची मालकी किलिक निक्सन या ब्रिटिश घराण्याने काढलेल्या कंपनीची होती, आणि देश स्वतंत्र झाल्यावरही मालकी कंपनीचीच राहिली. गाडी आमची, नाव आमच्या शकुंतलेचं, पाटी मात्र विलायती घराण्याच्या कंपनीची. उत्तर-वसाहतवाद हा शब्द ज्यांना अवघड वाटतो त्यांना मी त्या रुळांकडे बोट दाखवते. लगेच कळतं.

पण गाडी कापूस घेऊन गेली, एवढं सांगून गोष्ट संपत नाही. या कापसाचं सूत कोण काढत होतं? चरखा घरोघर बायका चालवत. शेतात मजुरी नसे त्या दिवसांत विधवेचा, म्हातारीचा, परित्यक्तेचा आधार तो. विलायती गिरणीचं स्वस्त सूत बाजारात आलं तेव्हा सगळ्यांत आधी बसलं ते सूत कातणाऱ्या बाईचं काम. विणकर त्या गिरणीच्या सुतावरही पुढे बरीच वर्षं माग चालवत राहिला, कातणारीला दुसरा माग नव्हता. म्हणजे वसाहतवादाची गोष्ट नीट सांगायची तर पहिल्याच पानावर बाई येते. तिला 'लिंगभाव' नावाच्या परक्या डब्यातून बाहेर काढून आणावं लागत नाही. ती घरातच बसली होती, चरख्यापाशी. वक्त्यांनी कापसाच्या लुटीवर वीस मिनिटं घेतली, चरख्यापुढे कोण बसलं होतं ते एकदाही आलं नाही. मग लिंगभाव परका वाटणारच. आपण खोलीत शिरलोच नाही तर खोली रिकामी, असं म्हणायला काय लागतं?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. त्याला उत्तर आहे, आणि ते वक्त्यांच्याच पोतडीत आहे.

इंग्रजपूर्व शिक्षणाचं 'सुंदर झाड' ही उपमा गांधीजींची. २० ऑक्टोबर १९३१ रोजी लंडनमध्ये चॅथम हाउसला बोलताना त्यांनी ती वापरली, आणि इंग्रजांनी झाड वाढू देण्याऐवजी मुळं उकरून पाहिली, मग ती तशीच उघडी टाकली, असा आरोप केला. सर फिलिप हार्टॉग यांनी पुरावा मागितला, दोघांत पत्रं झाली. पुढे धर्मपाल यांनी लंडनच्या दफ्तरखान्यात वर्षानुवर्षं बसून तो पुरावा शोधला आणि १९८३ साली त्याच उपमेच्या नावाचं पुस्तक काढलं. त्यांची शेवटची वर्षं आमच्याच सेवाग्रामला गेली, २००६ साली ते तिथेच वारले. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, आणि तो यासाठी की त्यांनी तक्ते लपवले नाहीत. मद्रास इलाख्याचा गव्हर्नर टॉमस मन्रो याने १८२२ साली कलेक्टरांना शाळांची मोजदाद करायला लावली. धर्मपालांनी ती मोजदाद छापली. साडेअकरा हजारांवर शाळा, दीड लाखांवर विद्यार्थी. शूद्र म्हणून नोंदलेल्या मुलांची संख्या बऱ्याच जिल्ह्यांत ब्राह्मण मुलांपेक्षा अधिक. इंग्रजांनी अडाणी देश शहाणा केला, या बढाईला त्या तक्त्यांनी खरोखर तडा जातो. हे मान्य केलंच पाहिजे.

पण तक्त्यात मुलींचाही रकाना आहे. मलबारसारखा एखादा भाग सोडला तर तो जवळजवळ कोराच आहे. धर्मपालांनी स्वतःही मुली फार थोड्या असल्याचं लिहिलं आहे. मन्रोचा १८२६ सालचा हिशोब तर याहून बोलका. त्याने लोकसंख्येला शाळांनी भागलं, तेव्हा हजार माणसांमागे एक शाळा पडली. मग तो म्हणतो, शाळेत मुली अगदीच थोड्या, तेव्हा पाचशे माणसांमागे एक शाळा धरायला हरकत नाही.

हा हिशोब मी दोनदा वाचला. एकही नवी शाळा निघाली नाही, एकही मुलगा वाढला नाही. फक्त बायका लोकसंख्येतून वजा केल्या आणि शाळा दुप्पट झाल्या.

तेव्हा आर्वीच्या मुलीला उत्तर असं : बाई, तुला वजा करूनच तो आकडा चांगला दिसतो. मन्रोने वजाबाकी निदान कागदावर दाखवली. आजच्या वक्त्याने ती मनातल्या मनात केली आणि उत्तर तेवढं वाचून दाखवलं. साहेबाचा निषेध करताना साहेबाचीच रीत उचलली, हे त्यांच्या ध्यानात तरी आलं का?

बंगाल-बिहारच्या शाळा पाहणाऱ्या विल्यम अॅडमने १८३५ ते १८३८ या काळात तीन अहवाल लिहिले. मुलगी लिहायला-वाचायला शिकली तर लग्नानंतर लवकरच विधवा होते, अशी समजूत त्याला तिथे सापडली. आपल्याकडची समजूत वेगळी होती : बायको शिकली तर अक्षरांच्या अळ्या होऊन नवऱ्याच्या ताटात पडतात. दोन्ही समजुती एकाच झाडाला लागलेल्या. आता झाड सुंदर होतं की नव्हतं, हे सावलीत बसलेल्याला विचारायचं की उन्हात उभी असलेलीला?

आणखी एक गोष्ट. मॅकॉलेचं म्हणून जे वाक्य अशा भाषणांत हटकून येतं, की भारतभर फिरलो पण भिकारी दिसला नाही, चोर दिसला नाही, म्हणून या लोकांचा कणा मोडला पाहिजे, ते त्याचं नाही. ते २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश पार्लमेंटात बोलला असं सांगतात. त्या दिवशी मॅकॉले कलकत्त्यात होता आणि आपलं कुप्रसिद्ध टिपण लिहीत होता. खऱ्या टिपणात त्याने पूर्वेच्या सगळ्या विद्येची जी हेटाळणी केली ती त्याला दोषी ठरवायला पुरेशी आहे. खरा पुरावा हातात असताना खोटा कशाला पुढे करायचा? खोट्या साक्षीने खरा खटलाही पडतो.

आता 'उसनं सामान'. यासाठी एकच साल पुरे : १८८२. त्या वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. शेतकऱ्याच्या घामाच्या करावर सरकार वरच्या वर्गाची कॉलेजं चालवतं आणि खेड्यातल्या मुलाला प्राथमिक शाळाही देत नाही, हा त्यांचा आरोप. बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा, शिक्षक कष्टकऱ्यांच्या मुलांतून घ्या, मुलींच्या प्राथमिक शाळा अधिक उदारपणे काढा, या मागण्या. पंडिता रमाबाईंनीही त्याच आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर यांची मागणी केली. आणि त्याच वर्षी आमच्याच विदर्भातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' छापून आलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली, तिच्यावर वर्तमानपत्रांनी तोंडसुख घेतलं, त्या रागातून लिहिलेलं ते पुस्तक.

एडवर्ड सैद यांचं 'ओरिएंटॅलिझम' १९७८ सालचं. वसाहतीच्या शिक्षणाची मराठीतली चिकित्सा त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीची आहे, आणि ती करणारे लोक लंडनहून शिकून आलेले नव्हते. पण एक फरक लक्षात घ्या. फुल्यांचा सरकारवरचा राग सरकार परकं आहे म्हणून नव्हता. परकं असूनही ते शाळेच्या किल्ल्या पुन्हा जुन्याच मालकांच्या हाती देत होतं, म्हणून होता. ही चिकित्सा वक्त्यांच्या चौकटीत बसत नाही. चौकटीला दोनच बाजू आहेत, आपले आणि परके. फुल्यांना तिसरी बाजू दिसत होती : आपल्यांतले मालक.

ताराबाईंनी तर आजच्या भाषणाची आधीच परीक्षा घेऊन ठेवली आहे. विलायती पोशाख, विलायती खाणं, साहेबाची नोकरी हे सगळं पुरुषांनी उचललं तेव्हा धर्म बुडाला नाही, बाईने पाऊल उचललं की तो बुडतो कसा, हा त्यांचा सवाल. बाहेरचं जग इंग्रजांना दिलं आणि घराचा उंबरठा तेवढा 'आपला' म्हणून राखला, त्या उंबरठ्यावर बाईला पहाऱ्याला बसवलं, असं राष्ट्रवादाचं विश्लेषण पार्थ चॅटर्जी यांनी १९८०च्या दशकात केलं आणि जगभर गाजलं. बुलढाण्याच्या बाईला ते कुणाच्या तळटिपेशिवाय दिसलं होतं. मग उसनवारी कुणी कुणाची केली? आपणच आपलं पुस्तक विसरलो, स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा बाहेर काढेपर्यंत विसरलेलो होतो, आणि विसरलेल्या वस्तूला परकी म्हणायला लागलो. घरातली पेटी उघडायची नाही आणि दागिना शेजाऱ्याचा म्हणायचं, यातला प्रकार.

याहून गमतीची गोष्ट उलट दिशेची आहे. जे अगदी 'आपलं' म्हणून छातीशी धरतो ते कधी कधी निव्वळ विलायती निघतं. रखमाबाईंचा खटला आठवा. अकराव्या वर्षी लग्न, मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायला नकार, १८८४ साली नवऱ्याचा दावा. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ साली दावा फेटाळला. बायकोला जबरदस्तीने नांदायला लावण्याचा असा दावा मूळचा इंग्लंडातला आहे, हिंदू कायद्यात त्याला आधार नाही, असं त्यांनी म्हटलं. धर्म बुडाल्याचा गजर झाला, टिळकांसारखे लोक विरोधात उभे राहिले. प्रकरण पुन्हा चाललं आणि १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना सांगितलं : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या.

म्हणजे इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतला जुना दावा वसाहतीबरोबर इथे आला, आणि आमच्या परंपराभिमान्यांनी तो आपल्या परंपरेची ढाल म्हणून वापरला. इंग्लंडने तो १९७० साली रद्द केला. आपल्याकडे तो हिंदू विवाह कायदा, १९५५ याच्या कलम ९ मध्ये आजही आहे. आंध्र उच्च न्यायालयाने १९८३ साली ते कलम घटनाबाह्य ठरवलं, पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते टिकवलं. खेड्यात याला 'नांदायची नोटीस' म्हणतात. मारहाणीला कंटाळून माहेरी आलेली बाई पोटगीचा विचार करू लागली, की अनेकदा ही नोटीस तिच्या दारात पडते. तिच्या हातातला तो कागद वसाहतीचा आहे की परंपरेचा? हे सांगायला वसाहतीचा अभ्यास लागतो आणि लिंगभावाचाही लागतो. दोन्ही एकत्र लागतात. एकाचं नाव घेऊन दुसऱ्याला हाकलणाऱ्या माणसाला हा कागद वाचताच येणार नाही. निर्वसाहतीकरण खरोखर हवं असेल तर सुरुवात कलम ९ पासून करा. त्या भाषणात मात्र त्याचा उल्लेख नव्हता.

इथे दुसऱ्या बाजूचे लोक खूश होऊन टाळ्या वाजवतील, म्हणून त्यांनाही दोन शब्द. इंग्रज नसते तर बायका शिकल्याच नसत्या, तेव्हा वसाहतवादावर टीका हा कृतघ्नपणा, असं म्हणणारेही प्राध्यापक आहेत. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली ती सावित्रीबाई आणि जोतीरावांनी. शेण झेललं ते सावित्रीबाईंनी, गव्हर्नराने नव्हे. रखमाबाईंना तुरुंगाची धमकी देणारं न्यायालय इंग्रजांचंच होतं. सरकारने कुठे दार उघडलं, कुठे दाबून धरलं, हे ज्या त्या प्रसंगाच्या हिशोबाने मांडलं पाहिजे. १८५५ साली चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. त्यात तिने पेशवाईतले हाल सांगितले आणि इंग्रजी अमलात थोडा श्वास घेता आला असंही म्हटलं. व्यापक चौकटवाले तिला गुलाम मनाची म्हणतील, आभारवाले तिचं प्रशस्तिपत्र करून भिंतीवर लावतील. दोघांनीही ती जे सांगत होती ते ऐकलं नाही. ती इंग्रजांविषयी कमी आणि आपल्या लोकांविषयी जास्त बोलत होती.

हे पुणं-मुंबईचंच आहे, असंही कुणी म्हणू नये. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात दलित महिलांची परिषद भरली. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बायका आल्या, त्यांत खेड्यापाड्यातल्या, गिरणीत राबणाऱ्या होत्या. त्यांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, एकाहून अधिक बायका करण्याच्या चालीला विरोध केला. हिंदू विवाह कायदा यायला अजून तेरा वर्षं होती. या बायकांना ही मागणी कोणत्या विलायती पुस्तकाने शिकवली? मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' साठी अशा बायकांना गाठून त्यांच्याच तोंडून हा इतिहास उतरवून घेतला. उसना असता तर त्यांना तो तोंडपाठ कसा असता?

शरद जोशींनी शेतकऱ्यांना 'इंडिया' आणि 'भारत' ही फाळणी समजावली. गोरा साहेब गेला तरी खेड्याची लूट थांबली नाही, हा त्यांचा मुद्दा आमच्या कापूस पट्ट्याला पटला, कारण भाव कुठे ठरतो ते आम्हाला माहीत होतं. हा अस्सल मराठी उत्तर-वसाहतवाद. पण त्यांच्या शेतकरी संघटनेलाही शेवटी घरात यावं लागलं. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं. भारताची लूट इंडिया करतो तर घरातल्या बाईच्या कष्टाचं काय, हा प्रश्न तिथे ऐरणीवर आला. त्यातून पुढे बायकांच्या नावे जमीन करून देणारं लक्ष्मीमुक्तीचं आंदोलन निघालं. बाहेरच्या लुटीचा हिशोब प्रामाणिकपणे मांडत गेलं की तो सातबारावर येऊन थांबतो, आणि सातबारावर नाव कुणाचं हे पाहावंच लागतं. चळवळीने जे केलं ते विद्यापीठाच्या व्याख्यानाला जड का जावं?

वर्ध्याचं उदाहरण तर दाराशी आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समिती नेमली गेली, नई तालीम आकाराला आली. सेवाग्रामला ती आशादेवी आणि आर्यनायकम यांनी चालवली. वसाहतीच्या कारकुनी शिक्षणाला देशात उभा राहिलेला हा मोठा पर्याय. त्या शाळेत मुलग्यांच्या हातात टकळी होती. पिढ्यान्‌पिढ्या बायकांचं मानलेलं काम मुलगे वर्गात बसून शिकत होते. निर्वसाहतीकरण केलं तेव्हा कामाची बाई-पुरुष वाटणीही हलली. तिच्या मर्यादा होत्या, त्यावर वेगळं भांडता येईल. पण जिथे हा प्रयोग झाला त्या जिल्ह्यात उभं राहून 'लिंगभावाचा शिक्षणाशी काय संबंध' असं म्हणायला धाडस लागतं.

आता आपल्या बाजूचे दोष. लिंगभावावर बोलणाऱ्या पुष्कळ व्याख्यानांना मी बसले आहे आणि रिकाम्या हाताने उठले आहे. भाषांतरित वाक्यांचा डोंगर, त्यावर पाच परकी नावं, आणि कापूस वेचणाऱ्या बाईचा उल्लेख 'निम्नस्तरीय कर्ता' म्हणून. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर उंट विलायती असो की देशी, शेळीला काय फरक? वक्त्यांच्या भाषणाला गर्दी होते यात आपलाही वाटा आहे. ते निदान कळेल असं बोलतात. शर्मिला रेगे यांना हे दुखणं कळलं होतं. पुणे विद्यापीठातल्या सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात त्यांनी मराठी माध्यमातून आलेल्या, इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलामुलींसाठी शिकवण्याची रीतच बदलायचा प्रयत्न केला आणि त्या रीतीला फुले-आंबेडकरी म्हटलं. दलित बायका वेगळं बोलतात तर ते वेगळेपण ऐकून घ्या, असा त्यांचा आग्रह. २०१३ साली त्या अकाली गेल्या. काम अर्धं आहे, ते पुढे न्यायला अवघड शब्द कमी आणि ऐकणारे कान जास्त लागतील.

"एवढ्या मोठ्या गोष्टी खेड्यातल्या पोरीला कशाला" असंही कुणी विचारेल. मी माझीच गोष्ट सांगते. दिवाळी सरली की कापूस फुटतो. पहिल्या वेच्याला सीतादहीची पूजा होते, आणि मग रोज पहाटे बायका ओटी बांधून शेतात जातात. मजुरी किलोवर, हात जास्त तेवढे पैसे जास्त. माझी आई मला शाळेतून थांबवायची. मी रडले की म्हणायची, "शाळा कोठी पळून जाते वो? कापूस मातर पावसात काळा पडते." भावाला तिने कधी थांबवलं नाही. वेचा बायकांचा, हे कुणी ठरवलं होतं? कापसाचा भाव दूरच्या बाजारात ठरत होता, ही एक गुलामी. त्या भावाची तूट माझ्या शाळेच्या दिवसांनी भरून निघत होती, ही दुसरी. आईचा दोष नव्हता, तिच्यापुढे पर्यायच तेवढे होते. पण दोन्ही गुलाम्या एकाच ओटीत होत्या, हे समजायला मला चाळीस वर्षं आणि बरीच पुस्तकं लागली. ती आधी कुणी समजावली असती तर बरं झालं असतं. व्याख्यानं एवढ्यासाठीच असतात, अशी माझी भाबडी समजूत आहे.

पुढे मी शिक्षिका झाले. नोव्हेंबर ते जानेवारीचं हजेरीपत्रक मी आजही डोळे मिटून सांगू शकते. मुलग्यांची पानं भरलेली, मुलींच्या पानांवर गैरहजेरीच्या खुणा गव्हाच्या ओळीसारख्या दाट. आता मुलींना एसटीचा मोफत पास आहे, मुली कॉलेजात जातात, ती आर्वीची मुलगी एम.ए.ला पोहोचली. तरी वेच्याच्या दिवसांत कोणत्याही शिक्षकाला विचारा, पान पूर्ण भरलेलं आहे का.

माझी एक सूचना आहे आणि ती पूर्ण गांभीर्याने करते. शिक्षणाच्या निर्वसाहतीकरणावरचं पुढचं व्याख्यान रोहण्याला ठेवा. महिना डिसेंबर. वेळ संध्याकाळी, कापसाचं वजन होऊन बायका घरी आल्यावर. मन्रोचा तक्ता मोठ्या कागदावर काढून आणा आणि वजा केलेल्या बायका त्यात परत मिळवा. झाड किती सुंदर होतं ते मग सांगा, आम्ही मन लावून ऐकू, कारण इंग्रजांनी काय नेलं ते आम्हालाही माहीत आहे. फक्त क्रम बदला. प्रश्नोत्तरं आधी घ्या, भाषण नंतर. पहिला प्रश्न त्या आर्वीच्या मुलीचा. तो तिला पुन्हा विचारावा लागेल, कारण वक्त्यांचं उत्तर अजून बाकी आहे. आणि तिला परतीची शेवटची बस मिळेल, याची जबाबदारी आयोजकांनी घ्यावी.